कॅबिनमध्ये हीटर आहे पण गार हवा फेकतो, थंडीत रात्री ट्रकवर कसं काढता?

बहोडापूरवाला, रात्री ११:४२
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरचा, ट्रान्सपोर्ट नगरातून गाडी चालवतो, दहा टायर, स्वतःचीच आहे, हप्ते चालू आहेत. चालवताना थंडीचं एवढं काही वाटत नाही, इंजिन गरम असतं आणि डोकं रस्त्यावर असतं. खरा त्रास थांबल्यावर. परवा मालनपूरला माल भरायला रात्री साडेनऊला गेटवर लागलो आणि नंबर आला पहाटे सव्वापाचला. मधले आठ तास मी आणि क्लीनर एका रजईत. भरून झाल्यावर ताडपत्री बांधायला वर चढलो तर दवानं ती चिंब, दोर काठीसारखा ताठ, आणि गाठ मारताना आपला अंगठा कुठे आहे तेच कळेना. खाली उतरून चहाचा ग्लास धरला तेव्हा दिसलं की करंगळीजवळ चांगलं फाटलंय आणि बाहीवर रक्त आहे. लागलं कधी ते कळलंच नाही.
गाडीत हीटर आहे, पण दोन वर्षं झाली गारच हवा फेकतो. गेटवर बरेच जण कॅबिनमध्ये सिगडी ठेवतात, काच दोन बोटं खाली करून. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, रात्री काकडत असतो, त्याच्याकडे बघवत नाही. सिगडी ठेवू का? तुम्ही लोक काय करता ते सविस्तर सांगा.

मालवा_रोड, रात्री ११:५८
दादा, मी इंदूरचा, देवास नाक्यावरून माल उचलतो. आमच्याकडे तुमच्याइतकी थंडी नाही, पण जानेवारीत पहाटे मानपूरच्या घाटात गाडी बंद पडली की तुमचं दुःख कळतं. माझं एकच म्हणणं, एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे घाला. आत अंगाला चिकटून लोकरीची नाहीतर थर्मलची बंडी, त्यावर स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवेल असं काहीतरी, रेक्झीनचं असलं तरी चालतं. सुती बनियन आत नको, ताडपत्री ओढताना घाम येतो, बनियन भिजतं आणि नंतर दोन तास तेच ओलं फडकं अंगावर राहतं. मोजे दोन घाला पण बूट घट्ट होता कामा नये, बोटं हलली नाहीत तर चार मोजेही फुकट.

जनकगंजची_ताई, रात्री १२:१५
बहोडापूरवाले भाऊ, सिगडी नाही. काच दोन बोटं उघडी ठेवून नाही, चार बोटं ठेवूनही नाही. मी नर्स आहे, सतरा हिवाळे कॅज्युअल्टीत काढलेत आणि दर हिवाळ्यात बंद खोलीत नाहीतर गाडीत सिगडी घेऊन झोपलेले लोक आमच्याकडे आलेले पाहिलेत, सगळे परत गेलेले नाहीत.
कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, धूर दिसत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो पण अंगाला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. जागा असलेला माणूस म्हणेल काहीतरी बिघडलंय, दार उघडू. झोपलेल्याला हे काही कळतच नाही. आणि निखारे विझत आले म्हणून धोका संपला असं समजू नका, राखेखाली धुमसणारा कोळसा हा वायू सोडतच असतो.
शेकायचंच असेल तर गाडीबाहेर उघड्यावर शेका, मग सिगडी तिथेच सोडून आत या. कोणी आत बेसुध सापडला तर आधी त्याला उघड्या हवेत काढा आणि १०८ ला फोन करा. तोंडावर पाणी मारत बसू नका.

चंबळपार, सकाळी ७:०५
ताईंचा मान राखून सांगतो, आमच्या वडिलांनी तीस वर्षं मुरैना-धौलपूर-आग्रा केलं, हिवाळाभर कॅबिनमध्ये सिगडी असायचीच. काही झालं नाही. तेव्हा अख्खी लाईनच सिगडीवर झोपायची. एवढं घाबरवायचं कारण नाही.

खलासी_होतो, सकाळी ९:३०
चंबळपारभाऊ, तुमचे वडील वाचले त्याचं कारण सांगतो. त्या वेळची कॅबिन लाकडाची, बॉडीवाल्याकडे बांधलेली. दाराला बोटभर फट, फळ्यांमध्ये फटी, क्लच-ब्रेकच्या पॅडलखालून सरळ रस्ता दिसायचा. वारा आरपार जायचा, म्हणून ते वाचले. आताची कॅबिन पत्र्याची, दारांना सगळीकडे रबर, काच चढवली की डबा बंद. सिगडी तीच आहे, कॅबिन ती राहिली नाही.
मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. मी खलासी होतो तेव्हा आमच्या दोन गाड्या एकत्र चालायच्या. दुसऱ्या गाडीवरचा खलासी माझ्याच वयाचा, आम्ही एका ताटात जेवायचो. शिवपुरीच्या अलीकडे ढाब्यावर रात्री थांबलो. मला उस्ताद म्हणाले तू ढाब्याच्या खाटेवर झोप, मी रागानं झोपलो, कारण ते तिघं आत ऊबेत होते. सकाळी सहाला चहा घेऊन मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. काच थोडी खालीच होती, तिच्यातून हात घालून मी लॉक काढलं. ड्रायव्हर दवाखान्यात शुद्धीवर आला, त्याचा भाचाही वाचला, तो दाराकडच्या बाजूला होता. माझा मित्र सीटच्या मागच्या फळीवर झोपला होता. त्याच्या चेहऱ्यावर काही त्रास झाल्यासारखं नव्हतं, गाल तर लालसर होते, मला वाटलं गाढ झोपलाय. तो चहाचा ग्लास माझ्या हातात गार झाला तरी मी तो धरूनच उभा होतो.
काच थोडी खाली होती, एवढं लक्षात ठेवा.

मालवा_रोड, सकाळी ९:४१
भाऊ, वाचून काय लिहावं कळत नाही. तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

चंबळपार, सकाळी १०:१०
खलासीभाऊ, माझं म्हणणं मागे घेतो. लाकडी कॅबिनची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. वडिलांना आत्ताच विचारलं, ते म्हणाले खरं आहे, पॅडलखालून येणाऱ्या वाऱ्यानं पाय गारठून जायचे म्हणून तर सिगडी लागायची. आमचा पुतण्या नवी गाडी चालवतो, त्याला आजच फोन करतो.

मांजलपूर_गॅरेज, सकाळी ११:२०
वडोदऱ्याहून नमस्कार. जड गाड्यांचं काम करतो. मूळ प्रश्नावर यायला पाहिजे, हीटर असून गार हवा का येते. दादा, तीन गोष्टी सांगा. एक, गाडी रस्त्यावर लागल्यावर तापमानाचा काटा कुठे असतो? दोन, गेल्या दोन-तीन वर्षांत उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून कोणा मिस्त्रीला दाखवली होती का? तीन, ॲव्हरेज कमी झालाय का?

बहोडापूरवाला, दुपारी १:०५
सगळ्यांचे आभार. सिगडीचा विषय माझ्याकडून संपला, क्लीनरलाही खलासीभाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, तो गप्पच झाला.
मांजलपूरभाऊ, काटा हिवाळ्यात कायम खालच्या रेघेला चिकटलेला असतो, मला वाटायचं चांगलंच आहे की गाडी गरम होत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी चढावर गरम झाली होती, एका मिस्त्रीनं काहीतरी काढलं आणि म्हणाला आता आयुष्यात गरम होणार नाही. ॲव्हरेज थोडा पडलाय खरा.

मांजलपूर_गॅरेज, दुपारी १:३०
तेच. त्यानं थर्मोस्टॅट काढून टाकलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की सर्रास हेच करतात, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण त्रास ड्रायव्हरला होतो आणि कारण त्याला कोणी सांगत नाही.
हीटर म्हणजे काय, तर डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती ऊब आत फेकतो. थर्मोस्टॅट हा एक झडपेचा दरवाजा. पाणी साधारण ८० डिग्रीला पोचेपर्यंत तो बंद राहतो, पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि लवकर तापतं. दरवाजाच काढून टाकला की पाणी पहिल्या मिनिटापासून मोठ्या रेडिएटरमधून जातं आणि थंड होऊन परत येतं. तुमच्या ग्वाल्हेरच्या ४ डिग्रीच्या हवेत ते तापणार कधी? मग हीटर गारच फेकणार. शिवाय थंड इंजिन डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं, ॲव्हरेज त्यातच गेला.
घरी तपासायचं तर सकाळी थंड गाडी चालू करा आणि इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणाऱ्या जाड पाइपवर हात ठेवा, पंख्यापासून लांब राहून. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. तसं असेल तर नवा बसवा, फार महाग नाही. सोबत कूलंट भरा, नुसतं पाणी नको. आणि हीटरच्या पाइपांवर नळासारखा छोटा कॉक असतो, उन्हाळ्यात बंद केलेला तो नंतर उघडायचा राहून जातो, तोही बघा.

बिल्टीकाका, दुपारी २:१५
आम्ही रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचो, नाहीतर पोतं. अर्धा रेडिएटर झाकला की हीटर छान चालायचा. खर्च शून्य.

मांजलपूर_गॅरेज, दुपारी २:२२
काका, सपाट रस्त्यावर चालून जातं, पण भरलेली गाडी घाटात चढली आणि पुठ्ठा काढायचा विसरला तर इंजिन तापून त्याचं हेड जातं. रोगावर औषध असताना पुठ्ठा कशाला?

बिल्टीकाका, दुपारी २:४०
हेही खरं. पण आमच्या वेळी थंडीवर अजून एक औषध होतं, सगळ्यांना माहीत आहे, रात्री गाडी लावली की एक पेग रम. अंग कसं मस्त तापायचं.

जनकगंजची_ताई, दुपारी ३:३०
काका, तुम्ही वडीलधारे आहात, पण हे पोरांपुढे सांगू नका. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं. वाटतं एवढंच. पोटाछातीतली ऊब कातडीवर येऊन हवेत निघून जाते आणि आतून अंग थंड पडतं. त्यात माणूस बेसावध झोपतो, पांघरूण सरकलं तरी जाग येत नाही. अंगाचं तापमान ३५ डिग्रीच्या खाली गेलं की बोलणं अडखळतं, हात नीट चालत नाहीत, लोक म्हणतात चढलीय आणि तसंच सोडून जातात. पहाटे गाडी चालवायची असते ते वेगळंच.
हातपाय बधिर झाल्यावर ते सरळ विस्तवावर धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. काखेत हात धरा, कोमट पाण्यात बुडवा. पायाची बोटं लाल होऊन खाजतात आणि सुजतात, त्यालाही शेक नको, कोरडे मोजे आणि हळूहळू ऊब. ज्यांना शुगर आहे त्यांनी फारच जपा, सायलेन्सरजवळ पाय शेकून भाजून घेतलेले आणि चार दिवस न कळलेले लोक मी पाहिलेत. आणि पाणी प्या. उतरून लघवीला जायचा कंटाळा म्हणून ड्रायव्हर लोक थंडीत पाणीच पीत नाहीत, मग थकवा आणि डोकेदुखी.

दाणाओळीची_सून, दुपारी ४:००
मी गाडी चालवत नाही, पण माझे सासरे चालवायचे, म्हणून लिहिते.
आधी हातांचं. सासरे ताडपत्री बांधताना आत लोकरीचे पातळ हातमोजे घालायचे आणि वरून भांडी घासायचे रबरी, एक माप मोठे. दोर ओला असला तरी लोकर कोरडी राहते आणि रबरामुळे पकड सुटत नाही. रबरी मोजे रोज उलटे करून वाळवायचे, नाहीतर आतल्या घामानंच हात गारठतात. लोकरीची जोडी कायम दोन ठेवायची, एक हातात, एक इंजिनच्या बोनेटवर वाळत.
आता झोपायचं. बाजारातली रजई कॅबिनमध्ये एका हिवाळ्यात चपटी होते, कापूस गोळा होऊन कोपऱ्यात जातो. आमच्या आजेसासूबाईंनी सासऱ्यांना गोधडी शिवून दिली होती, वरखाली नऊवारीचं सूत, मध्ये फाटक्या घोंगडीचे तुकडे. टाके इतके जवळ की मध्ये करंगळीसुद्धा जाणार नाही, म्हणून आतलं काही सरकतच नाही. ती गोधडी अजून आहे. एका कोपऱ्यावर ग्रीसचा डाग आहे, किती धुतला तरी गेला नाही, आता सासूबाई तो धुवूही देत नाहीत. दुसरं म्हणजे अंगावर जेवढं घेता तेवढंच अंगाखाली घाला. सीटचं रेक्झीन आणि मागची फळी खालून ऊब ओढून घेते. खाली आधी पुठ्ठा, त्यावर घोंगडी, मग आपण.
खाण्यात बाजरीची भाकरी, गूळ, तीळ, डिंकाचे लाडू. गजक तर आपल्याकडे आहेच.

चंबळपार, संध्याकाळी ५:१०
गजक म्हणजे मुरैनाची. ग्वाल्हेरवाल्यांनी मध्ये बोलू नये.

दाणाओळीची_सून, संध्याकाळी ५:१५
बरं, मुरैनाची. पण घेऊन तर याल संक्रांतीला?

चंबळपार, संध्याकाळी ५:१६
दोन किलो नक्की.

मालवा_रोड, संध्याकाळी ६:३०
वहिनींचं ‘अंगाखाली घाला’ हे पाचशे टक्के बरोबर. अजून एक, गियरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असेल तर बदला. माझ्या गाडीत गार वारा तिथूनच यायचा, मी वर्षभर दाराला दोष देत होतो. पॅडलखालच्या फटीत फोम भरायचा तर असा भरा की पॅडलखाली अडकणार नाही, ब्रेक पूर्ण दाबून बघा.

खलासी_होतो, संध्याकाळी ६:५०
रबर बदला म्हणालात ते महत्त्वाचं, आणि नुसतं वाऱ्यासाठी नाही. ज्या गाड्यांमध्ये इंजिन कॅबिनमध्ये बोनेटखाली असतं, त्यांचा सायलेन्सरचा पाइप कुठे फुटलेला असेल तर तोच वायू तिथून आत येतो. इंजिन चालू ठेवून हीटरवर झोपणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्यावं. धुराचा वास आला तर झोपू नका. मी तर म्हणेन चालू इंजिनवर झोपूच नका, माझ्या गाडीत तासाला दोनेक लिटर डिझेल जातं ते वेगळं.

कारेलीबाग_भाचा, रात्री ८:२०
माझा मामेभाऊ कॅनडात ट्रक चालवतो, तिकडे उणे तीस. त्यांच्या गाड्यांना झोपायच्या जागेखाली छोटा डिझेल हीटर असतो, इंजिन बंद असतं, ज्वलन वेगळ्या पेटीत होतं आणि त्याचा धूर पाइपानं गाडीबाहेर जातो. तो म्हणतो रात्री झोपायच्या आधी मोजे बदलायचेच, दिवसभराचे घालून झोपायचं नाही, दिसायला कोरडे असले तरी आत दमट असतात. मी इथे एकांना कारचा १२ व्होल्टचा तापणारा ब्लँकेट घेताना पाहिलं, सांभाळा, मोठ्या ट्रकात २४ व्होल्ट असतो, सरळ जोडला तर जळेल.
एक प्रश्न, तुमच्याकडे थंडीत डिझेल गोठतं का?

मांजलपूर_गॅरेज, रात्री ८:४५
ग्वाल्हेर-इंदूरला नाही. ३-४ डिग्रीला सकाळी गाडी उठत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा अशक्त बॅटरी. गोठतं ते लडाखकडे, त्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. टाकीखाली चिंधी पेटवून डिझेल गरम करणारे मी पाहिलेत, कृपा करून करू नका.

बिल्टीकाका, रात्री ९:३०
नव्या गाड्यांचं बरं झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी कॅबिन सक्तीची झाली. मात्र नियमात शब्द एसीचा आहे, म्हणून नवी गाडी घेताना हीटर आहे का ते वेगळं विचारा. आणि पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाच्या मुक्कामाच्या जागा झाल्यात, खाट, अंघोळ, स्वयंपाकाची सोय. वाटेत असेल तर कॅबिनमध्ये कुडकुडू नका. रमचं मी लिहिलं ते ताई म्हणतात तसंच समजा, माझा एक सोबती पहाटे उठलाच नाही, आम्ही हार्ट म्हणून सोडून दिलं होतं. आज ताईंचं वाचून त्याची आठवण आली.

मालवा_रोड, रात्री ९:५५
हीटर चालू झाला की नवीन भानगड, बाहेर कोहरा आणि आतून काचेवर वाफ. आम्ही तंबाखू चोळायचो काचेला, थोडं चालतं. खरा उपाय म्हणजे हवा काचेकडे वळवायची, बाहेरची हवा आत घ्यायची आणि एसी असेल तर हीटरसोबत तोही लावायचा, दमटपणा ओढतो. कोहऱ्यात अप्पर नको, डिप्पर ठेवा. चंबळच्या पुलावर तर मी सरळ डाव्या पांढऱ्या पट्टीवर डोळा ठेवून चालतो.

बहोडापूरवाला, तीन दिवसांनी, रात्री १०:५०
मंडळी, बातमी द्यायला आलो. मांजलपूरभाऊ, पाइपावर हात ठेवला, पहिल्यापासून कोमट. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, उघडलं तर घर रिकामं, थर्मोस्टॅट नाहीच. नवा बसवला, कूलंट भरलं, कॉकही अर्धा बंद होता. आज धौलपूरहून येताना काटा मध्यावर आला आणि मुरैना ओलांडताना क्लीनर एकदम म्हणाला, उस्ताद पायाला काहीतरी गरम लागतंय. मी हात खाली नेला, खरंच ऊब. दोन वर्षं मी हे असंच असतं म्हणून सोसलं.
आत्ता निरावलीला आहोत, नो-एन्ट्री उघडायची आहे. इंजिन बंद आहे, खाली पुठ्ठा आणि घोंगडी घातलीय, कॅबिन अजून कोमट आहे. पोरगा झोपलाय, आज काकडत नाहीये. रबरी हातमोजे घेतले, मोठ्या मापाचे.
दाणाओळीच्या ताई, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे अशी गोधडी अजून कोणी शिवून देतं का? घरात आईच्या जुन्या नऊवाऱ्या आहेत आणि एक फाटकी घोंगडी. शिलाई काय होईल ती देईन. दोन लागतील.

दाणाओळीची_सून, रात्री ११:१०
दादा, सासूबाई शिवतात. त्यांना वाचून दाखवलं, म्हणाल्या शिलाईचं नाव काढू नको म्हणावं, लुगडी धुवून आण. रविवारी दहानंतर या, त्याआधी आमच्या अंगणात ऊन येत नाही आणि सुई ओवताना त्यांना दिसत नाही. पोरालाही घेऊन या, कानटोपीसाठी त्याच्या डोक्याचं माप घ्यायचंय.